घोड्याच्या कॅसेटमधली घंटी

आमच्या वडवणीत आणि आसपासच्या गावांत कॅसेटच्या त्या वर्षांत लग्न लागायच्या आधी इंग्रजी गिटार वाजायची. सनई नंतर. आधी मांडवाच्या चारी कोपऱ्यांतले भोंगे एकदम खाकरायचे, मग कुणीतरी लोखंडी पत्रा फरफटत न्यावा तसा आवाज व्हायचा, त्याच्यामागून ढोल, आणि मग एक गोरा माणूस जीव तोडून ओरडायला लागायचा. बाहेरगावचं वऱ्हाड दचकायचं. आमच्याकडची माणसं मात्र टोप्या नीट करायची, बायका पोरांना हाका मारायच्या आणि आचारी भाताखालचा जाळ वाढवायचा. गिटार वाजली म्हणजे मांडव झाला, लाईट आली, आता अक्षता वाटायला हरकत नाही.

एका लग्नात वीज गेली, जनरेटर उशिरा सुरू झाला आणि मुहूर्त टळू लागला, म्हणून गिटार न लावताच माईक भटजींच्या हातात दिला गेला. नवरदेवाची आजी पुढे येऊन उभी राहिली.

"गिटार वाजू द्या आधी. थोरल्याचं बी गिटारीवर लागलं, मधल्याचं बी लागलं. ह्याचंच कावून सुकं लावता?"

भटजी थांबले. गिटार वाजली. मग लग्न लागलं.

ही गिटार शिवमूर्तीअप्पांची. म्हणजे वाजवणारे विलायतेतले, पण मालकी अप्पांची. साऊंड सर्व्हिसचे मालक, चालक आणि हमाल ते एकटेच. कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, गळ्यात दोन दोरे. एकाला चांदीच्या डबीतलं लिंग, दुसऱ्याला टेस्टर. दोघांची गाठ पडू नये म्हणून टेस्टरचा दोरा लांब. देव आणि वीज या दोघांनाही सारखंच भिणारा माणूस मी दुसरा बघितला नाही.

त्यांची आणि आमची भिंत एकच. शिवाय मी इथल्या शाळेत गणित शिकवते आणि पंधरा ऑगस्टपासून निरोप समारंभापर्यंत सगळ्या कार्यक्रमांची व्यवस्था माझ्याकडे असते. खुर्च्या, हार, पाहुण्यांचा चहा, फोटोवाला आणि माईक. यातल्या पहिल्या चार गोष्टींनी मला वेळोवेळी दगा दिला आहे. माईकने कधीच नाही. अप्पा सांगितलेल्या वेळेच्या आधी यायचे, वायर इतकी सरळ अंथरायचे की तिच्यावरून पोरांची रांग लावता यावी, आणि मग माईकपाशी तोंड नेऊन म्हणायचे, "हालो, वडवणी. हालो, वडवणी."

'वन टू थ्री' त्यांना मान्य नव्हतं. "आकडे काय, कुटंबी सारखेच," असं त्यांचं म्हणणं. अडचण एवढीच, की तेलगावात गेले तरी 'हालो, वडवणी' आणि धारूरला गेले तरी 'हालो, वडवणी'. तेलगावात एकदा कुणीतरी मागून ओरडलं, "ओ अप्पा, हे तेलगाव हाय!" अप्पांनी माईकवरूनच उत्तर दिलं, "तेलगावचा आवाज कसा येतो ते मला ठावं न्हाई. वडवणीचा ठावं हाय. तेवडाच तपासतो."

त्यानंतर गिटार.

अप्पा विशीत असताना अँप्लिफायरची दुरुस्ती शिकायला हैदराबादला गेले होते. तिथले त्यांचे उस्ताद कोणताही स्पीकर दुरुस्त झाला की त्यावर एकच रेकॉर्ड लावत. इंग्रजी बँडची, चार झिपऱ्या पोरांची. त्या रेकॉर्डमध्ये म्हणे खालच्यात खाली घुमणारा आवाज होता आणि वरच्यात वर जाणाराही होता. "देखो मियाँ," उस्ताद सांगत, "ये पूरा सुना दी तो मशीन पक्की. फिर भजन लगाओ, कव्वाली लगाओ, इलेक्शन लगाओ." अप्पांना इंग्रजी शष्प कळत नव्हतं आणि अजून कळत नाही. पण शिकून परत निघाले तेव्हा उस्तादांनी ती आख्खी रेकॉर्ड एका कॅसेटवर उतरवून दिली आणि रेकॉर्डच्या वेष्टणावरचं चित्र एका मासिकातून कापून डबीला चिकटवलं. पाणी नसलेल्या पोहण्याच्या हौदात एक पांढरा घोडा उभा आहे, असं ते चित्र. गावाने त्या कॅसेटचं नावच घोड्याची कॅसेट ठेवलं. चित्राचा अर्थ कुणी विचारला की अप्पा म्हणायचे, "तिकडं बी टँकर आलेला न्हाई, बघा."

गाण्यांना त्यांनी स्वतःची नावं दिली होती. पहिलं 'पत्रा'. दुसरं 'बाई रुसली'. तिसरं 'एसटी', कारण त्यातला ढोल घाट चढणाऱ्या गाडीसारखा धापा टाकतो. चौथं 'कायबी', कारण ते त्यांना आवडत नसे. आणि शेवटचं 'मोठं'. हे खरोखरच मोठं होतं. लग्नात लावलं तर पंगत उठून दुसरी बसायची.

आमच्या शाळेतले इंग्रजीचे कुलकर्णी सर एकदा लग्नात माझ्या शेजारी बसले होते. 'पत्रा' ऐकता ऐकता त्यांचा चेहरा गंभीर झाला. ते उठून अप्पांकडे गेले.

"अप्पा, ह्या गाण्यात काय आहे माहीत आहे का? एक बाई नवऱ्याला सांगते आहे की मी चालले, माझी वाट बघू नकोस, किल्ली दाराखाली सरकवली आहे. हे तुम्ही लग्नात लावता?"

अप्पा म्हणाले, "सर, आजपस्तोर ह्या गाण्यावर कितीक लग्नं लागली. एक बी पोरगी किल्ली सरकवून गेलेली न्हाई. तवा गाणं लाभतंय म्हनायचं."

सर परत येऊन बसले. त्यांना जिलेबी वाढली गेली.

अप्पांचं ऐकणं बघण्यासारखं असे. मांडवाच्या बांबूला उजवा हात लावून, डोळे मिटून उभे राहायचे. 'पत्रा'ला मान हलायची, 'एसटी'ला पाय. काम नसलेल्या दुपारी घरी 'मोठं' लावायचे, तेव्हा मात्र काहीच हलायचं नाही. त्या गाण्यात शेवटाकडे सगळा गोंधळ अचानक थांबतो. ढोल, गिटार, ओरडणं, सगळं. आणि त्या मोकळ्या जागेत एक घंटी वाजते. अगदी लहान. मग पुन्हा गिटार, पण हळू, जणू ती घंटी ऐकून सगळे शहाणे झाले आहेत. त्या घंटीला अप्पांच्या डोळ्यांत पाणी यायचं. दरवेळी. टॉवेल खांद्यावर तयार असायचा.

मी एकदा विचारलं. मला कारणं लागतात.

"हैद्राबादला गेलतो नवा नवा," ते म्हणाले. "भाषा न्हाई, मानूस न्हाई. जेवन बी जाईना. उस्तादनं ही रेकॉर्ड लावली. सगळा धिंगाना. म्या म्हन्लं, काय हे बे, डोसकं उठलं. आन् मग ती घंटी वाजली. आमच्या दारात सोमवारी जंगमस्वामी यायचे भिक्षेला, हातात घंटी. बिलकूल तीच. बाई, मी पोस्टाच्या खांबासारखा हुबा आन् डोळ्यातनं धार. उस्तादनं सुई उचलली आन् फिरून त्याच जागी ठिवली."

अप्पांच्या पत्नी, भागीरथीअक्का, यांचं मत वेगळं होतं. त्या या कॅसेटला 'तुमचा आरडाओरडा' म्हणत. मुलगी लातूरला दिल्यापासून घरात दोघंच, त्यामुळे आरडाओरडा जास्तच भरून राहतो अशी त्यांची तक्रार. "मानसं देवाचं लावत्यात सकाळच्याला. आमच्यात गोरं बोंबलतंय," असं त्या भिंतीवरून मला ऐकवायच्या. कॅसेट सुरू झाली की सूप घेऊन ओट्यावर जाऊन बसायच्या, घराकडे पाठ करून.

मग घंटी गेली.

ते मला नेमकं आठवतं, कारण स्नेहसंमेलनाची तालीम सुरू होती आणि पडदा अडकला होता. पडद्याचं बघेपर्यंत अप्पांनी 'मोठं' लावलं. गाणं शेवटाला आलं, थांबलं, पुन्हा सुरू झालं. अप्पांनी डोळे उघडले. बटण दाबून टेप मागे नेली. पुन्हा लावली. पुन्हा मागे. आमची कोळी नृत्याची पोरं होड्या घेऊन ताटकळत उभी.

"घंटी कुटं गेली?" अप्पा म्हणाले.

"अप्पा, नंतर शोधा. पोरं थांबलीत."

"घंटी न्हाई, बाई. टेप झिजली वाटतं. बारीक आवाज आदी झिजतो."

मला ते पटलं. चपलेचा टाचेकडचा भाग आधी झिजतो, तसं असेल. शिवाय मला पडद्याची काळजी होती.

त्यांनी बीडच्या कॅसेटवाल्याला, शफीकभाईंना, गाठून मुंबईहून नवी कॅसेट मागवली. तीत घंटी नव्हती. दुसरी मागवली. तीतही नव्हती. शफीकभाईंच्या दुकानातच भांडण झालं. मी त्या दिवशी शाळेच्या बक्षिसांच्या ढाली आणायला बीडला गेले होते आणि अप्पांच्याच टेम्पोतून परतणार होते, त्यामुळे ते सगळं माझ्यासमोर घडलं. शफीकभाईंनी कॅसेट लावली, घंटीची जागा आली, आणि ते टाळी वाजवून म्हणाले, "ये लो! आ गई ना?"

"कुटं आली?"

"अरे अप्पा, अबी बजी! सुना नहीं क्या?" दुकानातलं एक गिऱ्हाईकही म्हणालं, "वाजली की वो, काका."

"तू गप रे. तुला काय कमिशन हाय काय?" अप्पा लाल झाले. "शफीक, मला येडं बनिवतो बे? वीस वर्सं ऐकतोय मी ही घंटी. आख्खी वडवणी म्हनती न्हाई वाजली, आन् तू एकटा म्हनतो वाजली?"

आणि हे खरं होतं. वडवणीत सगळे म्हणत होते, घंटी नाही. केस कापणारा म्हणत होता, पानवाला म्हणत होता, ज्यांनी आयुष्यात घंटीकडे कधी लक्ष दिलं नाही ते लोकही मान हलवून म्हणत होते, "न्हाई राव अप्पा. मागं यायची. आता न्हाई." रस्त्यावर रहदारीचा आवाज होता आणि माझं लक्ष ढालींवरची नावं बरोबर आहेत का याकडे होतं. मी काही ऐकलं नाही.

परतताना टेम्पोत अप्पांनी मला त्यांचा सिद्धांत सांगितला. तो असा. सरकारने खुलं धोरण आणलं, बाहेरच्या कंपन्या आल्या. आल्या त्या आल्या, पण माल कमी करून आल्या. शांपू बाटलीतून पुडीत गेला. साबणाच्या वडीला पोटात खड्डा पडला, वरून दिसायला तेवढीच. बिस्किटाच्या पुड्यात हवा. मग गाण्यावाल्यांनी काय पाप केलंय? एवढ्या मोठ्या गाण्यातली एवढीशी घंटी काढली तर कोण बघतो?

"पर घंटीवाल्याचा पगार तर वाचला का न्हाई?" अप्पा म्हणाले. "ह्यो समदा हिशेब हाय, बाई. दार उघडलं की आदी बारीक सामान चोरीला जातं."

हा सिद्धांत गावात चांगलाच चालला. ज्याच्या त्याच्या साबणाला खड्डा पडलेला होताच.

दरम्यान अप्पांच्या भोंग्यांबद्दल वेगळी तक्रार येऊ लागली होती. आवाज टोचतो. मंगलाष्टकं सुरू झाली की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पदर कानावर घेऊन मागे सरकत. शाळेत मुख्याध्यापकांच्या भाषणातला प्रत्येक 'स' सुईसारखा यायचा. आणि त्यांच्या भाषणात 'सदर', 'सर्वांगीण' आणि 'संस्कार' याखेरीज फारसं काही नसायचं. मी अप्पांना सांगितलं, जरा मऊ करा. ते म्हणाले, "मऊच हाय की. किती मऊ करू?"

दोन अधिक दोन चार हे मला इथेच कळायला हवं होतं. पण मी भोंगे जुने झाले असं समजून पुढच्या वर्षीसाठी नव्या भोंग्यांची शिफारस केली.

घंटीचा प्रश्न मात्र मला सुटण्यासारखा वाटत होता. माझा भाचा पुण्याला नोकरीला. तिथे तेव्हा सीडी नावाची चकती मिळू लागली होती. चकती झिजत नाही, असं तो म्हणाला. मग प्रश्नच मिटला. मी त्याला घोड्याचं चित्र नीट समजावून सांगितलं, आणि तो पुढच्या खेपेला ती सीडी, ती वाजवायचं बशीएवढं यंत्र आणि कानाला लावायचा हेडफोन घेऊन आला. मी सगळं पिशवीत घालून दुपारी अप्पांकडे गेले.

अप्पा यंत्र बघून हरखले. उलटंसुलटं करून बघितलं. अक्का सूप घेऊन ओट्यावर निघाल्या होत्या, त्या दारातच थांबल्या.

"तुमी ऐका आदी, बाई," अप्पा म्हणाले. "तुमी आनली. तुमचा मान."

हेडफोन लावून मी पहिल्यांदाच ते गाणं पूर्ण ऐकलं. मला वाटलं होतं, कोलाहल असेल. पण जवळून ऐकताना कळलं की तो माणूस ओरडत नाहीये, हाक मारतोय. कुणीतरी लांब निघून गेलंय, आणि मधे रस्ता आहे, वाहनं आहेत, वारा आहे, आणि त्या सगळ्यावरून आवाज पोचवायचा आहे, तशी हाक. ढोल तिला वाट करून देतो, गिटार मधेच येते आणि तिला झाकते, तो पुन्हा वर येतो. शेवटी त्याचा दम संपला आणि सगळं थांबलं. आणि ती वाजली. स्पष्ट, एकटी, अगदी कानाजवळ.

"वाजली!" मी ओरडलेच. हेडफोन लावल्यावर आपण ओरडतो हे लक्षात राहत नाही. "अप्पा, आहे! वाजली की!"

दारात सूप आपटलं. ज्वारी अंगणापर्यंत उडाली.

अप्पांनी घाईने हेडफोन घेतला. मी त्यांना तेच ठिकाण लावून दिलं. ते डोळे मिटून बसले. मला समोरून यंत्रावरचे सेकंद पळताना दिसत होते. घंटीची जागा आली. गेली. अप्पांच्या चेहऱ्यावर काहीही आलं नाही. त्यांनी डोळे उघडले आणि आधी अक्कांकडे बघितलं. अक्का खाली बसून ज्वारी गोळा करत होत्या. मान वर करत नव्हत्या.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"बाई, खरंच वाजली?"

अक्कांचा हात थांबला. मला तेव्हा सगळं कळलं, शफीकभाई, टोचणारे भोंगे, मान हलवणारं गाव, सगळं एकदम. उत्तर द्यायला अर्धा क्षणही नव्हता. अप्पांनी मला इतकी वर्षं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं मी सरळ उत्तर दिलं होतं, आणि त्यांनी तो प्रश्न मला त्यासाठीच विचारला होता.

"वाजली, अप्पा."

त्यांनी हेडफोन काढला. त्याची वायर एकसारखी गुंडाळली, टोकाला गाठ मारली, यंत्र पिशवीत ठेवलं आणि पिशवी माझ्या हातात दिली.

"मंग शफीक खरं बोलत व्हता," ते म्हणाले, आणि आत गेले.

अक्का मला फाटकापर्यंत सोडायला आल्या. रागावल्या असतील असं मला वाटलं. त्या फक्त थकलेल्या दिसत होत्या.

"मला ठावं व्हतं," त्या म्हणाल्या. "दोन वर्सं झाली. मागनं हाक मारली तर वळत न्हाईत. मी समद्या गावाला सांगितलतं, घंटी न्हाई असंच म्हना. न्हाव्याला सांगितलं, पानवाल्याला सांगितलं. तुमालाच सांगायचं राह्यलं. तुमी घंटीच्या भानगडीत पडान असं वाटलंच न्हाई."

"पण अक्का, का? वेळेवर डॉक्टरकडे तरी..."

"घंटी हुडकायच्या नादात बीडला जात व्हते, भांडत व्हते, जेवत व्हते. कान गेला म्हनून कळलं असतं तर काय हुडकलं असतं त्यांनी?"

माझ्याकडे कानाच्या डॉक्टरचा पत्ता होता, तो मी दिला.

अप्पा आधी डॉक्टरकडे गेले नाहीत. आधी बीडला गेले, शफीकभाईंच्या दुकानात, पेढ्यांचा बॉक्स घेऊन. शफीकभाईंनीच मला पुढे सांगितलं. बॉक्स काउंटरवर ठेवून अप्पा म्हणाले होते, "घंटी तुज्याकडंच व्हती. माज्याकडं न्हवती." शफीकभाई बोलायला गेले तर हात वर करून थांबवलं आणि जाताना चढ्या भावाने चार कोऱ्या कॅसेटी विकत घेतल्या, ज्यांची त्यांना काहीच गरज नव्हती.

मग अंबाजोगाईला कानाचे डॉक्टर. मी सोबत गेले. अशा कामात रांग, कागद आणि प्रश्न हे तिन्ही सांभाळायला माणूस लागतो. डॉक्टर तरुण होता आणि चांगला होता. त्याने सांगितलं की इतकी वर्षं भोंग्याखाली उभं राहिल्यावर असंच होतं. वरचे आवाज आधी जातात, ते परत येत नाहीत. बोलणं ऐकायला मशीन देतो, उरलेलं जपा. अप्पांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "मशीनमदी घंटी यील?"

डॉक्टरला घंटी कोणती ते माहीत नव्हतं. मी सांगितली. तो म्हणाला, "नाही येणार, काका."

"बरं झालं, सरळ सांगितलं," अप्पा म्हणाले.

मशीन म्हणजे खिशात ठेवायची डबी आणि कानापर्यंत वायर. गळ्यात आता तीन दोरे झाले. त्या मशीनबद्दल अप्पांचं मत त्यांनी परतीच्या एसटीत सगळ्या प्रवाशांना ऐकवलं. "ह्याला काय मशीन म्हनत्यात? खालचा आवाज बिलकूल न्हाई. समदी दुनिया शेळीच्या नरड्यातनं बोलायली. उस्तादनं असलं मशीन दारातनं परत पाठवलं असतं." वाहक तिकीट मागायला आला तर त्याला म्हणाले, "जरा जाड आवाजात बोला, साहेब. तुमी बी शेळीच येऊ लागलाव."

धंदा त्यांनी सोडला नाही, पण बारीक आवाज स्वतःला ऐकू येईपर्यंत ज्यांनी चढवायचे ती भोंग्यांची बटणं आता टेम्पोवर नव्याने ठेवलेला ड्रायव्हर फिरवायचा आणि अप्पा त्याच्या चेहऱ्याकडे बघत उभे राहायचे. पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या पुन्हा पुढे बसू लागल्या. लग्नांना 'पत्रा' वाजायचा. 'मोठं' मात्र बंद झालं. घरातही. भिंतीपलीकडची दुपार इतकी शांत झाली, की पेपर तपासायला बसले तरी मला मधेच थांबल्यासारखं व्हायचं. अक्कांना हवी होती ती शांतता आली होती, आणि अक्का सकाळच्याला देवाचंही लावत नव्हत्या.

दिवाळीनंतर गावातली बरीच घरं ऊसतोडीला गेली. रस्ता ओस पडला. एका दुपारी मी सव्वीस जानेवारीच्या माईकचं सांगायला अप्पांकडे गेले, तर फाटकापाशीच गिटार ऐकू आली. 'मोठं'. मी थांबले.

ओट्यावर दोघंही बसली होती. अक्कांची पाठ आज घराकडे नव्हती. अप्पांनी मशीन काढून ठेवलं होतं. डोळे मिटलेले. त्यांचं मनगट अक्कांच्या हातात होतं, नाडी बघतात तसं. गाणं चढलं, पडलं, थांबलं. आणि अक्कांनी मनगट दाबलं.

अप्पांनी टेप बंद केली. "आली?"

अक्का त्यांच्या कानाशी वाकून मोठ्याने बोलल्या, म्हणून मला फाटकापर्यंत ऐकू आलं. "आली."

"कशी वाजली?"

"कशी म्हंजी? वाजती तशी."

"अगं, साऊंडवाल्याची बायकू तू. नीट सांग."

अक्कांनी विचार केला. इतका वेळ विचार करताना मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. "लई दिवसांनी नळाला पानी आलं, की रिकाम्या घागरीत पैलं टिपूस पडतं बगा. तसं. आन् मग ते दुसरं, बारकं."

अप्पांनी डोळे उघडले. "दुसरं? दुसरं कुटनं आलं?"

"हाय की. पैल्याच्या मागनं. लई बारीक. गिटार सुरू व्हायच्या आदी."

"दोन हायत?" अप्पा अक्कांकडे बघतच राहिले. "एवड्या वर्सांत मला एकच ऐकू आली. तुला कवापासून ठावं हाय?"

"पैल्यापासून. हितं बसून दुसरं काय करत व्हते मी?"

"मला कदी सांगितलं न्हाईस."

"तुमी कदी इचारलं?"

अप्पांच्या खांद्यावर टॉवेल नव्हता, म्हणून सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले. मग टेप मागे नेली, मनगट पुन्हा पुढे केलं आणि म्हणाले, "दोन येळा दाब. दुसरी बारीक दाब."

मी माईकचं दुसऱ्या दिवशी सांगायचं ठरवून मागे फिरले. घरी ती सीडी होती, हेडफोन होता. मी ऐकली तेव्हा मला एकच घंटी ऐकू आली होती, पण मी ती आहे की नाही एवढंच बघत होते. दुसरी आहे का, हे तपासायला काही वेळ लागला नसता. मी पिशवीला हात लावला नाही. पेपर पुढे ओढले आणि भिंतीपलीकडे ते गाणं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं, तसं खिडकीचं दार पूर्ण उघडून बसले.